ऐरोलीतली नोकरी सोडून स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी: कशाच्या आधी काय

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक कंपनी असते. ती प्रत्यक्षात उतरवताना मात्र क्रम उलटा होतो. आधी नाव आणि लोगो, मग प्रायव्हेट लिमिटेड, मग भाड्याचं ऑफिस, आणि क्लायंट सगळ्यात शेवटी. खर्च पहिल्या तारखेपासून सुरू होतो आणि उत्पन्नाचा पत्ता नसतो. या लेखात क्रम वेगळा आहे: आधी पैसे देणारं गिऱ्हाईक, मग भागीदारांतला करार, मग कंपनी, मग माणसं. बाहेरचं भांडवल लागलंच तर त्यानंतर.

पुण्याच्या कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि मग ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, त्यावर धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. कंपनी शेअर बाजारात आली २०१६ मध्ये. आनंद देशपांड्यांची पर्सिस्टंट १९९० ची, बाजारात नोंदली गेली २०१० मध्ये. इन्फोसिस १९८१ ची, नोंदणी १९९३ ची. म्हणजे बारा ते वीस वर्षांचा हिशोब आहे. 'दोन वर्षं बघतो, नाहीतर परत नोकरी' असं ठरवणाऱ्याने निदान घरखर्चाचा हिशोब तरी दोन वर्षांचा मांडावा. बहुतेक जण सहा महिन्यांचा मांडतात.

राजीनाम्याआधी

नेमणूकपत्र काढून तीन कलमं वाचा: नोटीसचा काळ, दुसरं काम करण्यावरची बंदी आणि बौद्धिक संपदा. नोकरी सोडल्यानंतर 'स्पर्धक व्यवसाय करणार नाही' हे बंधन भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण गुप्ततेचं कलम टिकतं आणि कोडच्या मालकीचंही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं असतं, वेगळा करार असेल तरच अपवाद. त्यामुळे स्वतःच्या प्रॉडक्टची एकही ओळ कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या खात्यातून किंवा ऑफिसच्या वेळात लिहू नका. पुढे गुंतवणूकदाराचा वकील रिपॉझिटरीतला (कोडच्या साठ्यातला) पहिला कमिट, म्हणजे पहिली नोंद, कधीचा आहे ते बघतो आणि ती तारीख तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवसाशी ताडून पाहतो.

घराचं कर्ज काढायचं असेल किंवा दुसऱ्या बँकेत वळवायचं असेल तर पगाराच्या स्लिपा हातात असतानाच उरका. धंदेवाल्याकडून बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, तुमच्याकडे ती नसतील. मेडिक्लेमचंही तसंच. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा, किंवा गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते लेखी विचारा. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर बसतो, आणि तसंही ते शेवटचं राखीव आहे.

पहिलं बिल

दर ठरवताना पगाराला १७६ तासांनी भागण्याची चूक सगळे करतात. महिन्याचे २२ दिवस आठ तास धरले तरी एकट्या माणसाचे बिल लागणारे तास १०० च्या आसपासच राहतात. बाकीचे प्रस्ताव, मीटिंग, फोन आणि हिशोबात जातात. घरखर्च व हप्ते मिळून दीड लाख आणि कामाचा खर्च चाळीस हजार असेल तर १,९०,००० भागिले १०० म्हणजे तासाला १,९०० रुपये. हा नुसता तग धरण्याचा दर झाला. रिकाम्या महिन्यांसाठी वर वीस टक्के धरा, म्हणजे २,३०० च्या घरात. याच्या निम्म्याने काम घेणारे भेटतील, त्यांच्याशी दरावर भांडू नका. वेगळं काम शोधा.

हाताला काय लागतं ते एका बिलावर बघा. काम १,००,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी १८,०००, बिल १,१८,००० चं. क्लायंट मूळ लाखावर टीडीएस कापतो, तांत्रिक सेवा म्हणून दोन टक्के किंवा व्यावसायिक सेवा म्हणून दहा टक्के. दोन धरले तर खात्यात १,१६,००० येतात आणि त्यातले १८,००० तुमचे नाहीत. बिल ज्या महिन्यातलं, त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, मग क्लायंटने पैसे दिलेले असोत वा नसोत. तिमाही पर्याय घेतला तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत जातोच. नव्या कंपन्यांची पहिली रोकडटंचाई इथेच होते: मार्चअखेर पाच लाखांचं बिल फाडलं, क्लायंट जूनमध्ये पैसे देणार, आणि ९०,००० एप्रिलमध्ये स्वतःच्या खिशातून. उपाय साधा आहे. जीएसटीसाठी वेगळं चालू किंवा स्वीप खातं (जादा रक्कम आपोआप मुदत ठेवीत टाकणारं) ठेवा आणि मोठ्या कामाची एक रक्कम लावण्याऐवजी टप्प्याटप्प्याने बिल करा.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, त्याखाली नोंदणी ऐच्छिक. पण मोठा क्लायंट नोंदणीशिवाय विक्रेता म्हणून दाखलच करून घेत नाही. परदेशातला क्लायंट असेल तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला जीएसटीचं लेटर ऑफ अंडरटेकिंग (हमीपत्र) भरा, म्हणजे कर न लावता बिल करता येतं. ते एकदाच भरून विसरणारे बरेच भेटतात.

टीडीएस हा आगाऊ भरलेला कर आहे, पण क्लायंटने तो तुमच्या पॅनवर दाखवला तरच. दर तिमाहीला फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण) उघडून बिलांशी जुळवा. वर्ष उलटल्यावर क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याला जुनं विवरणपत्र दुरुस्त करायला लावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

करारात चार गोष्टी लेखी हव्यात. आगाऊ ३० टक्के. काम सोपवल्यावर सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं समजणं. मागण्या वाढल्या तर वेगळं बिल. आणि कोडची मालकी शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच क्लायंटकडे जाणं. सर्व्हर आणि डोमेन मात्र पहिल्यापासून क्लायंटच्याच नावाने आणि कार्डाने घ्यायला लावा. त्यांच्या क्लाउडचं बिल तुमच्या कार्डावर चढू लागलं की उधारी सुरू झाली.

भागीदार

कंपन्या कोडमुळे फार कमी बुडतात. 'ठरलं होतं ना आपलं' या वाक्याने जास्त बुडतात. नोंदणीच्या आधी, चहावर नव्हे, कागदावर चार मुद्दे लिहा: कोण पूर्ण वेळ येणार आणि कधीपासून, कोणाचे किती पैसे, कोणाचा किती हिस्सा, आणि कोणी सोडून गेला तर काय.

पन्नास-पन्नास सोपं वाटतं, पण मतभेद झाला की अडून बसतं. दोघेच असाल तर कोणत्या विषयात कोणाचा शब्द अखेरचा ते तरी लिहा. हिस्सा चार वर्षांत कमावण्याची पद्धत ठेवा, पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य. समजा एकूण १०,००० शेअर आहेत आणि तिघांकडे ४,०००, ३,५०० व २,५००. पहिला चौदाव्या महिन्यात गेला तर ४,००० गुणिले १४ भागिले ४८, म्हणजे १,१६६ शेअर त्याचे. उरलेले २,८३४ परत यायला हवेत.

ते परत कसे यायचे, हा खरा पेच. आपल्याकडे संस्थापकांचे शेअर पहिल्याच दिवशी नावावर होतात. कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घ्यायला मोकळी राखीव रक्कम वगैरे अटी आहेत आणि नव्या कंपनीकडे ती नसते. म्हणून करारात 'उरलेल्या संस्थापकांना हे शेअर दर्शनी किमतीला घेण्याचा हक्क राहील' असं लिहा आणि हस्तांतर फॉर्म एसएच-४ ने करा. हेच बंधन कंपनीच्या नियमावलीतही घाला. नियमावलीत नसेल तर कंपनीवर ते लादता येईलच असं नाही.

आणखी एक कागद सगळे विसरतात. संस्थापकांनी कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेला कोड कंपनीच्या नावावर करून देणारा करार. फ्रीलान्सरकडून करून घेतलेल्या कामालाही तोच लागतो, कारण तो नोकर नसतो आणि पैसे दिल्याने मालकी आपोआप येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपू शकतो. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर, आणि न वापरल्यामुळे हक्क संपणार नाही' हे तीनही शब्दशः हवेत. डिझायनरने केलेला लोगोही यातच येतो.

कंपनी काढणं

एकटेच असाल आणि दोन-तीन क्लायंट असतील तर प्रोप्रायटर म्हणून वर्षभर काढायला हरकत नाही. दुसरा संस्थापक आला, नोकर ठेवायची वेळ आली किंवा क्लायंटने कंपनीशीच करार हवा म्हटलं की प्रायव्हेट लिमिटेड. एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) वार्षिक खर्च कमी असतो, पण तिला शेअर नसतात. त्यामुळे गुंतवणूकदार आणि कर्मचाऱ्यांना शेअर देणं दोन्ही अडतं.

किमान दोन संचालक, दोन भागधारक. संचालकांपैकी एक तरी वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा. किमान भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली, १०,००० रुपयांनीही चालतं. सगळ्यांच्या डिजिटल सह्या काढा, मग स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या अर्जाच्या पहिल्या भागात नाव राखून ठेवा. त्याचे १,००० रुपये, दोन नावं सुचवता येतात, मंजूर नाव २० दिवस टिकतं. त्या मुदतीत दुसरा भाग भरायचा, त्यातच पॅन, टॅन (टीडीएस कापण्यासाठीचा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), महाराष्ट्राचा व्यवसाय कर आणि बँक खातं येतं.

नाव फेटाळलं जातं ते बहुधा 'टेक सोल्युशन्स', 'इन्फोटेक' छापाच्या शब्दांमुळे, कारण तशी शेकडो आधीच आहेत. नाव भरण्याआधी ट्रेडमार्कच्या वर्ग ९ आणि ४२ मध्ये (सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेवा) शोध घ्या. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गाला ४,५०० रुपयांत पडतो, मोठ्या कंपनीला ९,००० रुपये.

दुसरा अडथळा पत्त्याचा. घरचा पत्ता चालतो. लागतं ते मालकाचं संमतीपत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं महावितरणचं बिल. ठाण्या-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत बिल अजून बिल्डरच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं आणि अर्ज परत येतो. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. तोवर मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स दोन (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा) जोडीला ठेवा. जीएसटीच्या अर्जावरही हीच हरकत येते.

प्रमाणपत्र मिळालं की पेढे वाटून लोक निवांत होतात आणि खरं घड्याळ तिथून चालू होतं. ३० दिवसांत पहिली संचालक सभा आणि लेखापरीक्षकाची नेमणूक. दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्रं. १८० दिवसांत भागधारकांनी आपापल्या खात्यातून भांडवल कंपनीत भरून आयएनसी-२०ए हा धंदा सुरू करत असल्याचा फॉर्म. तो राहिला तर कंपनीला ५०,००० पर्यंत दंड आहे, शिवाय त्याआधी धंदा करायला किंवा कर्ज घ्यायलाच परवानगी नाही. रोख भरू नका, कोणाचे पैसे कुठून आले ते बँकेच्या उताऱ्यात दिसलं पाहिजे. दरवर्षी ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणाचा असे दोन फॉर्म जातात, उशिराचा दंड प्रत्येकी दिवसाला १०० रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३,०००. धंदा शून्य असला तरी हे चुकत नाही, आणि सलग तीन वर्षं न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो.

याच सुमारास उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. एजंटला पैसे देऊ नका.

जागा

पहिलं वर्ष घर किंवा को-वर्किंगमध्ये काढा. पाच-सहा माणसं झाली की मग शोधा, आणि शोधताना भाड्याआधी माणसं कुठून येतात ते बघा. कल्याण, डोंबिवली, बदलापूरची मंडळी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-घणसोलीला सरळ येतात, पनवेल-खारघरची दुसऱ्या बाजूने. महापेला स्टेशन नाही. तिथल्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये भाडं परवडलं तरी कोपरखैरणे किंवा घणसोलीहून रिक्षा-बस आलीच, आणि पावसाळ्यात त्या अर्ध्या तासाचा तास होतो. वागळे इस्टेट ठाण्यात राहणाऱ्यांना उत्तम, पण बाकीच्यांना संध्याकाळी तीन हात नाक्याची कोंडी गाठते.

टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) किंवा वागळेतला गाळा एमआयडीसीच्या भूखंडावर असेल तर मूळ भाडेपट्टेदाराकडे पोटभाड्याने देण्याची एमआयडीसीची परवानगी आहे का ते कागदावर बघा. नसेल तर पुढे नोटीस त्याला येते आणि गाळा तुम्हाला सोडावा लागतो. ठेव परत मिळवायला मग चपला झिजतात.

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. महिना ४०,००० भाडं, तीन वर्षं, ठेव दोन लाख असं धरा: भाडं १४,४०,०००, ठेवीवर वर्षाला दहा टक्के धरून ६०,०००, एकूण पंधरा लाखांवर ३,७५० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. घरमालक जीएसटीत नसेल आणि तुम्ही असाल, तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर ऑक्टोबर २०२४ पासून तुम्हीच भरायचा आहे. तो नंतर वळता होतो, पण आधी रोखीने जातो. दारावरची पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान अक्षरात नसावी.

माणसं

पहिला माणूस घेण्याआधी त्याचा सहा महिन्यांचा पगार बाजूला असला पाहिजे. प्रोजेक्टच्या भरवशावर नेमणूक केली की क्लायंट लांबला तेव्हा पगारही लांबतो, आणि नवी मुंबईत चांगला डेव्हलपर तेवढ्यात दोन स्टेशनं पुढच्या कंपनीत जातो. व्यवसाय कर माणशी महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ. कंपनीचा स्वतःचा २,५०० वेगळा. ईएसआय दहा माणसांपासून, भविष्य निर्वाह निधी विसापासून. दहा कर्मचारी झाले की लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती हवी, मोठे क्लायंट ऑडिटमध्ये हा कागद आवर्जून मागतात.

क्लायंटने पैसे थकवले तर

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही पैसे न दिल्यास क्लायंटला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हा मुद्दा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, क्लायंटच्या मालकाला नव्हे तर सीएला नम्रपणे लिहिलेल्या ईमेलमध्ये फार परिणामकारक ठरतो. त्यासाठी उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा आणि नोंदणी कामाच्या आधीची असलेली बरी. तरीही न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन तक्रार.

बाहेरचे पैसे

मित्राने उसने दिलेले पाच लाख सरळ कंपनीच्या खात्यात घेऊ नका. संचालक किंवा त्याचे नातेवाईक सोडून इतरांकडून घेतलेलं कर्ज बहुतेक वेळा 'ठेव' ठरतं आणि ते नियमभंग आहे. मित्राने संचालकाला द्यावं असंही सुचवलं जातं, पण कंपनीला कर्ज देताना संचालकाला 'हे पैसे उसने घेतलेले नाहीत' असं लिहून द्यावं लागतं. मित्राला शेअर द्या, किंवा त्याचे पैसे घेऊच नका.

शेअर देताना नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल, वेगळं बँक खातं, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप, आणि त्यानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा शेअरवाटपाचा फॉर्म. हा फॉर्म जाईपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. पहिल्या गुंतवणुकीतून त्याच आठवड्यात पगार केल्याचं पुढच्या फेरीत वकिलाच्या लगेच लक्षात येतं. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता ऑनलाइन आणि मोफत मिळते, पण करमाफी तिच्यासोबत येत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि नफाच नसताना त्यासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही. एंजल टॅक्सची (वाजवी मूल्यापेक्षा जास्त किमतीने शेअर दिल्यास त्या जादा रकमेवर लागणाऱ्या कराची) भीती घालणारे सल्लागार अजून भेटतात. तो २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

बंद करावी लागली तर

कंपनी अर्धवट सोडून परत नोकरी धरू नका, वर सांगितलेला रोजचा १०० चा दंड तुमच्या नोकरीच्या पगारातून भरावा लागेल. दोन वर्षं व्यवहार नसेल तर एसटीके-२ अर्जाने नाव काढून टाकता येतं, फी १०,०००. त्याआधी देणी शून्य करा, बँक खातं बंद करून तसं पत्र घ्या, थकलेली वार्षिक विवरणं भरा, जीएसटी क्रमांक रद्द करून त्याचं अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत द्या. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते, ती हटकून राहते आणि वर्षाला २,५०० ची मागणी येत राहते. कोड, डोमेन आणि ट्रेडमार्क विकायचे किंवा स्वतःकडे घ्यायचे असतील तर तो करार कंपनी जिवंत असतानाच करा. नाव नोंदवहीतून निघाल्यावर त्यावर सही करणारं कोणी उरत नाही.